ती ‘चालेल’ म्हणाली

पत्र, थोडक्यात: मुलीला बारावीला 84 टक्के मिळाले आहेत. धाकटा मुलगा सात वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे, मोजके शब्द बोलतो. मुलगी त्याला आमच्यापेक्षा चांगलं सांभाळते. तिने ‘बालविकास आणि कुटुंबसंबंध’ या विषयात पदवी घ्यावी, असं आम्हा दोघांना वाटतं. पुढे त्याची थेरपी तीच करू शकेल आणि आमच्यानंतर त्याला आधार राहील. तिला विचारलं, ती ‘चालेल’ म्हणाली. कुठला अभ्यासक्रम चांगला आणि पुढे संधी काय, हे सांगावं. अर्ज भरायला महिना आहे. – एक वडील

नमस्कार,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यातली साडेतीन पानं धाकट्याची आहेत. जिच्या करिअरसाठी पत्र लिहिलंत, तिच्या वाट्याला अर्धं पान आलं आहे, आणि त्या अर्ध्या पानातही ती बहुतेक वेळ भावाशेजारीच बसलेली दिसते. ते अर्धं पान मी तीनदा वाचलं.

त्यात एक प्रसंग तुम्ही फार कौतुकाने लिहिला आहे. धाकट्याने रात्री ताट भिरकावलं, किंचाळायला लागला, तुम्ही दोघं गांगरलात. मुलगी आतून आली. तिने मिक्सर बंद केला, मोठा दिवा घालवला आणि एक शब्द न बोलता त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसून राहिली. दहा मिनिटांत तो शांत झाला. ‘हे शिकवून येत नाही,’ असं तुम्ही म्हणता. पुढच्या वाक्यात सहज लिहून गेलात, की दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पेपर होता.

तिने केलं ते अचूकच होतं. आवाज कमी, उजेड कमी, बोलणं बंद, अंगाला हात नाही. पण ‘हे शिकवून येत नाही’ हे मला मान्य नाही. हे शिकवून येतं. तीही कुठून तरी शिकलीच आहे, बहुधा पुन्हा पुन्हा चुकत, एकटीने. मग तुम्ही दोघं का शिकला नाहीत? प्रश्न कठोर वाटेल, पण तो विचारल्याशिवाय मला अभ्यासक्रमांवर येता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने स्वमग्न किंवा विकासात मागे असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण तयार केलं आहे. 2 ते 9 वर्षांच्या मुलांना सांभाळणाऱ्यांसाठी नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी, असा त्याचा आराखडा आहे. ते थेरपिस्ट घडवण्यासाठी नाही. रोज घरात मुलाबरोबर असणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे. तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे. ते किंवा त्या धर्तीचं प्रशिक्षण आधी तुम्ही दोघांनी घ्यायला हवं. तुमच्या थेरपिस्टला याच आठवड्यात विचारा.

आता तो ‘चालेल’. हा शब्द आपण कुठे वापरतो, आठवून बघा. खिडकीची जागा मिळाली नाही, चालेल. सहलीला यंदा जायला जमणार नाही, चालेल. ज्यात आपल्याला फारसा वाव नाही आणि समोरच्याला दुखवायचं नाही, तिथे तो येतो. मनासारखं असतं तेव्हा आपण ‘आवडेल’ म्हणतो, ‘हो, हो’ म्हणतो, पुढचे दहा प्रश्न विचारतो. तुमच्या मुलीने एकही प्रश्न विचारल्याचं पत्रात नाही. तीन वर्षं काय शिकायचं, पुढे काय व्हायचं, कुठे राहायचं, यावर सतरा-अठरा वर्षांची मुलगी काहीच विचारत नाही, तेव्हा तो होकार धरून पुढे जाऊ नये. मी तरी जाणार नाही.

गंमत बघा, ज्या विषयाला तुम्ही तिला पाठवू बघताय, त्या विषयातच तुमच्या मुलीबद्दल लिहिलेलं आहे. कुटुंबोपचारातलं, म्हणजे सगळ्या कुटुंबाला एकत्र धरून केल्या जाणाऱ्या मानसोपचारातलं मोठं नाव म्हणजे साल्वादोर मिनुचिन. 1974 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी घरात पालकाची भूमिका करणाऱ्या मुलाची चर्चा केली आहे. मोठ्या भावंडाने धाकट्याला सांभाळणं त्यांना वाईट वाटत नव्हतं. मोठ्या कुटुंबांत, आई-वडील दोघंही कामाला जातात अशा घरांत ते होतंच, आणि त्यातून मूल जबाबदारही होतं. अट एवढीच, की जबाबदारी किती, कुठवर, हे आई-वडिलांनी स्पष्ट सांगितलेलं असावं आणि ती मुलाच्या वयाला झेपणारी असावी. हे मोघम राहिलं, किंवा आई-वडीलच हळूहळू मागे सरले, की ओझं मुलावर येतं. तुमच्या घरात या जबाबदारीला शेवट दिसत नाही. उलट तुम्ही त्या जबाबदारीलाच पदवी जोडायला निघाला आहात.

तुमच्या पत्रात एक गैरसमज आहे आणि तो बऱ्याच घरांत आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. बालविकासाची पदवी म्हणजे थेरपिस्टची पदवी नाही. वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत यासाठीचे उपचार), विशेष शिक्षण, चिकित्सा मानसशास्त्र या प्रत्येकाचं शिक्षण वेगळं आहे, प्रत्येकात देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी नोंदणी किंवा परवान्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. बालविकास शिकलेली व्यक्ती या लोकांच्या टीममध्ये काम करू शकते, पण त्यांच्या जागी नाही. आणि समजा, तुमच्या मुलीने उद्या यातलं नेमकं शिक्षण घेतलं, तरी ती भावाची थेरपिस्ट होऊ शकणार नाही. होऊ नये. मानसशास्त्र आणि समुपदेशनाच्या आचारसंहितांत जवळच्या नात्यातल्या माणसावर उपचार टाळायला सांगितलं आहे. डॉक्टरही स्वतःच्या मुलाला दुसऱ्या डॉक्टरकडे नेतात, त्यामागे हेच कारण. नात्यात तटस्थ नजर राहत नाही, आणि उपचार फसले तर नातंही दुखावतं. त्या मुलाला एक बहीण आहे. तिला थेरपिस्ट केलंत तर त्याची बहीण कोण होणार?

मग या अभ्यासक्रमात असतं काय? ‘मुलांची आवड’ एवढ्या भांडवलावर येणारे पहिल्या सहामाहीतच दचकतात, कारण पहिलं काम असतं मुलांपासून थोडं लांब बसून बघण्याचं. कॉलेजला जोडलेल्या बालवाडीत एका मुलाचं निरीक्षण करायचं आणि लिहायचं. ‘मूल चिडलं’ असं लिहिलं की वही परत येते. ‘मुलाने ठोकळा उचलला, जमिनीवर दोनदा आपटला, दाराकडे पाहिलं, पुन्हा आपटला’ असं लिहावं लागतं. दिसलं ते आधी, अर्थ नंतर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्नॉल्ड गेझेल यांनी 1911 मध्ये येल विद्यापीठात बालविकासाचं केंद्र सुरू केलं आणि पुढे मुलांना नकळत, एका बाजूनेच दिसणाऱ्या पडद्याआडून वर्षानुवर्षं त्यांचं चित्रण केलं. कोणत्या महिन्यात मूल बसतं, उभं राहतं, दोन बोटांनी मणी उचलतं, याचे तक्ते अशा चिकाटीतून आले. या शिस्तीचा कंटाळा येणाऱ्याला हा विषय लाभत नाही.

त्याच्या जोडीला संख्याशास्त्र असतं, संशोधनपद्धती असतात, आणि गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंतचा सगळा प्रवास असतो, नुसतं बालपण नव्हे. कुटुंबसंबंधांच्या भागात विवाह, घटस्फोट, दत्तक, स्थलांतर, घरातली हिंसा, म्हाताऱ्यांची काळजी, सगळं येतं. मानसशास्त्रज्ञ यूरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी 1979 मध्ये मांडलेली चौकट तर सगळीकडे शिकवतात: मूल मध्यभागी, त्याभोवती घर आणि शाळा, त्याबाहेर आई-वडिलांची नोकरी, त्याहून बाहेर समाज आणि त्याची धोरणं. म्हणजे वडिलांची कामाची पाळी बदलली की मुलाची झोप बदलते. मला हा विषय मनापासून आवडतो. तो हलका नाही, ‘मुलींसाठी बरा’ तर अजिबात नाही, आणि मुलग्यांनी यात यायला हवं असं माझं जुनं मत आहे.

संधींबद्दल स्पष्ट सांगतो. नुसत्या पदवीवर बालवाडी आणि पाळणाघरांतली कामं मिळतात आणि त्यांचा पगार बहुतेक ठिकाणी कमीच असतो. पदव्युत्तर शिक्षणानंतर चित्र बदलतं: विकासात मागे पडणाऱ्या लहानग्यांना वेळीच मदत करणारे ‘लवकर हस्तक्षेपा’चे कार्यक्रम, दत्तक आणि बालसंरक्षणाच्या संस्था, पालकशिक्षण, रुग्णालयात दाखल मुलांची भीती कमी करणारे ‘चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट’, लहान मुलांसाठीच्या साहित्याची आखणी, संशोधन. प्रवेश बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेवर होतो, आणि 84 टक्क्यांत काळजीचं काही नाही.

हे सगळं सांगूनही मी तुम्हाला कॉलेजांची नावं देत नाही, कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तो नाहीच. तो शेवटच्या पानावर, घाईघाईत लिहिलेल्या ओळीत आहे: ‘आम्ही दोघं गेल्यावर त्याचं कोण?’ या भीतीला मी कमी लेखत नाही. अशा मुलांचे आई-वडील या भीतीमुळे रात्र रात्र जागतात. पण त्या प्रश्नाचं उत्तर मुलीच्या प्रवेश-अर्जात शोधू नका. त्यासाठी वकील लागतो, मृत्युपत्र लागतं, कायदेशीर पालक कोण आणि तो नसेल तर पुढचा कोण हे लिहून ठेवावं लागतं, त्याच्या खर्चासाठी न्यास करता येतो का हे तपासावं लागतं. नात्यातल्या, ओळखीतल्या आणखी दोन-तीन माणसांची त्याला सवय करावी लागते. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे त्याला स्वतःचं जितकं करता येईल तितकं आजपासून शिकवणं: दात घासणं, कपडे घालणं, भूक लागली हे चित्र दाखवून सांगणं. बहीण उद्या त्याच्यासोबत राहीलही, पण तेव्हा तो तिचा निर्णय असू द्या. हे तिला तोंडाने सांगा. असं वाक्य घरात कोणी उच्चारल्याशिवाय ती ते गृहीत धरणार नाही.

शक्य आहे की तिला हा विषय खरंच हवा असेल. अशी भावंडं या क्षेत्रात येतात आणि उत्तम काम करतात. पण ते तिच्याकडून कळू द्या. ‘भाऊ असा नसता तर काय शिकली असतीस?’ असं चुकूनही विचारू नका, त्या प्रश्नाने ती अपराधी होईल. तिला म्हणा, ‘भावाची सगळी सोय झाली आहे असं धर. आता काय शिकशील?’ आणि उत्तर ऐकायला घाई करू नका. पंधरा दिवस तिला एखाद्या बालवाडीत, परक्या मुलांत बसू द्या. तिथून येऊन ती त्या मुलांबद्दल उत्साहाने बोलते की फक्त थकते, हे तिचं तिलाच कळेल.

आणि एक ओळ मी विसरू शकलो नाही. ‘तिला भूगोलाची आवड आहे, रिकाम्या वेळात नकाशे काढत बसते, पण त्यात काही भविष्य नाही.’ तुमच्या घरात त्या मुलीला रिकामा वेळ किती मिळत असेल, याचा अंदाज मला आहे. तो सगळा ती नकाशांना देते. भूगोल, भौगोलिक माहिती प्रणाली, उपग्रहचित्रांचा अभ्यास, नगररचना, आपत्ती व्यवस्थापन, पाण्याचं नियोजन, या सगळ्यांना नकाशा वाचणारी आणि करणारी माणसं लागतात. भविष्य नाही, हे तुम्ही कोणाला विचारून ठरवलंत? तिने तिथेच जावं असं मी म्हणत नाही. पण चार पानांत तिने स्वतःहून केलेली एकच गोष्ट तुम्ही लिहिली आहे, आणि ती हीच आहे.

महिना आहे म्हणता, तो पुरेसा आहे. अर्ज भरण्याआधी तिला माझ्याकडे पाठवा, एकटीला. पहिली भेट तिच्याशी, तुमच्याशी नंतर बोलू. येताना नकाशांच्या वह्या आणायला सांगा. आणि त्या दिवशी धाकट्याजवळ कोण थांबणार, हे तुम्ही दोघांनी आधी ठरवून तिला सांगा.