लेव्हल खोटी दाखवतेय? आधी टाकीकडे जा

टाकीतली पातळी मोजून कंट्रोल रूमला सिग्नल पाठवणारा ट्रान्समीटर उघडायची घाई करू नकोस. नवीन पोरं आधी झिरो (शून्याची सेटिंग) फिरवतात आणि मूळ दोष झाकून टाकतात. आधी कंट्रोल रूमला सांगून लूप (पातळीचं आपोआप नियंत्रण) मॅन्युअलवर घे, इंटरलॉक (धोक्याच्या पातळीला यंत्रणा आपोआप थांबवणारी सोय) असेल तर परमिट (कामाची लेखी परवानगी) काढ. मग डिप टेप (टाकीत सोडायची मोजपट्टी) टाकून किंवा गेज ग्लास (टाकीवरची पातळी दाखवणारी काच) बघून खरी पातळी लिहून घे. सिग्नल ४ ते २० मिलिअँपचा, म्हणून मल्टीमीटरवर ५० टक्के पातळीला १२ मिलिअँप यायला हवेत. करंट बरोबर आणि स्क्रीनवर आकडा वेगळा, तर दोष वायरिंग, इनपुट कार्ड किंवा स्केलिंगमध्ये.

करंटच चुकत असेल तर डीपी ट्रान्समीटरच्या (वरच्या आणि खालच्या नळीतल्या दाबाच्या फरकावरून पातळी काढणाऱ्या) नळ्यांकडे वळ. बंद टाकीत वाफ असेल तर वरच्या कोरड्या लेगमध्ये (टाकीच्या वरच्या बाजूने येणाऱ्या, रिकामी असायला हव्या त्या नळीत) पाणी साचतं आणि टाकी भरलेली असूनही पातळी कमी दिसते. ड्रेन केल्यावर रीडिंग ताळ्यावर आलं आणि काही तासांनी पुन्हा घसरलं, तर चोर सापडला! खालची नळी चोकअप झाली की रीडिंग जागेवरच गोठतं. सरळ रेषेतला ट्रेंड (पातळीचा आलेख) बघून खूश होऊ नकोस, पंप चालू असताना पातळी हलायलाच हवी.

घनताही विसरू नकोस. पाण्यावर कॅलिब्रेट केलेला डीपी १.४ घनतेच्या मळीच्या टाकीवर लावलास, तर २ मीटरचे २.८ मीटर दिसतील. इन्स्ट्रुमेंट बिचारं बरोबरच असतं.

अल्ट्रासोनिक (आवाजाच्या लहरींनी पातळी मोजणारा) सेन्सर असेल तर फेस आणि वाफ तपास. फेस आवाज गिळतो. तिथे सेन्सर बदलून काही होत नाही, मोजायची पद्धतच बदलावी लागते.