रुजू होण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज चारदा वाचला. सोमवारी रुजू व्हायचंय आणि प्रश्न एकच: ‘ऑफिसात माझ्याबद्दल सांगू का?’ फोनवर हो-नाही म्हणणं मला जमेना, म्हणून हे पत्र.

मी १९८६ साली इथे इंदुरात नोकरीला लागले तेव्हा आमच्या मजल्यावर बाई मी एकटीच, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. रस्ता ओलांडून समोरच्या बँकेत जायचं. मे महिन्यातसुद्धा मी सकाळपासून पाणी पीत नसे. अर्ज केला, नस्ती चार वर्षं टेबलं फिरत राहिली. सुटली कधी? आमच्या बडे बाबूंची सून दुसऱ्या कचेरीत लागली आणि तिनं घरी हेच गाऱ्हाणं मांडलं तेव्हा!

तुझ्या बाजूनं कागद आता पुष्कळ आहेत. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा ३७७ कलमाचा निकाल सप्टेंबर २०१८ चा. २०१९ च्या कायद्यानं ट्रान्सजेंडर व्यक्तींशी नोकरीत, बढतीत भेदभाव करायला मनाई केली, आणि प्रत्येक कचेरीत त्यासाठी तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. तुझ्याकडे तो कोण, हे पहिल्या महिन्यातच आस्थापना शाखेत विचारून ठेव. सहज विचारल्यासारखं.

पण चहाच्या टपरीवर निकाल कोण वाचतो? आपल्या मध्य प्रदेशात सरकारी नोकरीत २०१८ पासून निवृत्ती बासष्टाव्या वर्षी, म्हणजे शेजारच्या खुर्चीवर साठी ओलांडलेले बाबूजी असणारच. एका बोटानं टाइप करतील आणि तिसऱ्या दिवशी ‘लग्न कधी?’ विचारतील. चिडू नकोस. जुनं रजिस्टर कुठल्या कपाटात आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. त्यांचा पासवर्ड अडला तर तोंड वाकडं न करता उघडून दे. (माझा अडायचा तेव्हा पोरं हसायची. अजून लक्षात आहे.)

आमच्यात एक गृहस्थ होते, अविवाहित, मागे-पुढे कुणी नाही. त्यांचा जीपीएफचा, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा, नॉमिनेशन फॉर्म माझ्याच टेबलावर आला. ‘नातं’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: मित्र. मी नियम पाहिला, शिक्का मारला, सर्व्हिस बुकला जोडला आणि कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. बारा वर्षांनी ते गेले. त्या एका शब्दावर मित्राला पैसे मिळाले. ते गृहस्थ आणि मी त्याबद्दल कधीच बोललो नाही, पण दर दिवाळीला त्यांच्याकडून चिवड्याचा डबा यायचा.

तेव्हा सांगायची घाई नको, आणि लपवण्यासाठी खोटंही रचू नकोस; खोट्या मंगेतराची जन्मतारीख लक्षात ठेवणं फार कष्टाचं. आधी एक माणूस हेर, जो दुसऱ्यांची गुपितं तुझ्यापाशी बोलत नाही.

तुला जीपीएफ नाही, एनपीएस, म्हणजे नवी पेन्शन योजना, लागेल. त्यात ‘कुटुंब’ कुणाला म्हटलंय ते नीट वाच. बँक खात्याला मात्र जोडीदाराचं नाव लावता येतं, केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलंय. रविवारी फॉर्म घेऊन ये. पोहे करते, जिलबी तू आण.

तुझी,
मावशी