सोनं सापडलं म्हणून वसलेल्या आणि आठ-दहा वर्षांत ओस पडलेल्या गावात रोजचं जगणं कसं असायचं?

अशी गावं बरीच होऊन गेली. मी अमेरिकेतल्या नेवाडामधल्या रायोलाइटबद्दल सांगतो. मी पाणीटंचाईच्या सोलापूरचा, आणि रायोलाइटची कहाणीही पाण्यापासूनच सुरू होते.

1904 च्या ऑगस्टमध्ये डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्याजवळच्या उघड्याबोडक्या डोंगरात सोनं सापडलं. लोक लोटले, पण पाणी कुठाय? सुरुवातीला ते खेचरांच्या गाड्यांवर पिंपात भरून यायचं आणि विकत घ्यावं लागायचं. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या घरात, पातेल्यापासून तांब्यापर्यंत सगळं भरून ठेवणाऱ्याला यापुढचं सांगायला नको. सोनं खाली, पण रोजची मारामारी वर, पाण्यासाठी.

दुसरी टंचाई लाकडाची. लोक तंबूत राहायचे. टॉम केली या खाणकामगारानं मग डोकं चालवलं. दारूच्या गावात बाटल्यांना काय तोटा! त्यानं सुमारे 50,000 रिकाम्या बाटल्या आडव्या रचल्या, बूड बाहेर, तोंड आत, मध्ये माती लिंपली, आणि 1906 मध्ये चक्क घर उभं केलं. स्वतः मात्र त्यात राहिला नाही, तिकिटं विकून त्या घराची सोडत काढली. मला विचाराल तर त्या गावाचा स्वभाव यात पुरता दिसतो.

सिनेमात दाखवतात तसं नदीकाठी बसून सोनं गाळणं इथं नव्हतं. सोनं कठीण दगडात. दगड फोडायचा, गिरणीत दळायचा, मग रसायनानं सोनं वेगळं करायचं. म्हणजे भांडवल कंपनीचं, आणि खाली उतरणारा माणूस रोजंदारीवर. माझे आजोबा सोलापूरच्या कापड मिलमध्ये होते. भोंगा झाला की निघायचं, पगार झाला की किराणावाल्याची उधारी फेडायची. खाणकामगाराचं जगणं याहून फार निराळं नसावं. खरी चंगळ होती प्लॉट आणि शेअर विकणाऱ्यांची. गावात स्वतःचा शेअर बाजार होता!

1907 पर्यंत वस्ती चार हजारांच्या आसपास गेली. वीज, बर्फ, आइस्क्रीम, तीन रेल्वे कंपन्यांच्या गाड्या, सगळं आलं. पण त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक घबराट झाली आणि बाहेरून येणारा पैसा आटला. 1908 मध्ये एका इंजिनियरनं मुख्य खाणीबद्दल प्रतिकूल अहवाल दिला. एके काळी 23 डॉलरला विकला गेलेला तिचा शेअर 1911 मध्ये खाण बंद पडली तेव्हा 4 सेंटवर होता. मजा बघा, 1909 मध्ये, म्हणजे लोक गाव सोडत असताना, 20,000 डॉलर खर्चून नवी शाळा बांधली. तिचे वर्ग कधी पूर्ण भरलेच नाहीत. 1910 ला माणसं 675, आणि 1920 ला 14.

आमच्याकडेही मिल बंद पडल्या, पण सोलापूर ओस पडलं नाही. कुणी भिवंडीला गेलं, कुणी यंत्रमागावर लागलं, आणि कित्येक घरांची चूल बायकांनी विड्या वळून पेटती ठेवली. एक धंदा गेला तरी दुसऱ्याला धरून राहता आलं. रायोलाइटला खाणीशिवाय दुसरं काहीच नव्हतं. त्यामुळे लोक गेले ते घरांसकट. लाकूड महाग, ते कोण मागे ठेवणार? इमारती उचलून जवळच्या बिटी गावात नेल्या. खाणकामगार युनियनचा हॉलही तिथंच गेला आणि पुढे त्या गावचं सभागृह म्हणून वापरात आला.

इथं कुणीतरी कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींचं उदाहरण देईलच. पण कोलारच्या खाणी 1880 च्या दशकापासून 2001 पर्यंत चालल्या. तिथं पिढ्यान्‌पिढ्या त्याच वसाहतीत वाढल्या, त्यामुळे कोलार या प्रश्नात बसत नाही.