शौच तपासणी शिकताना सुरुवातीला एवढे सांभाळा

आपण प्रयोगशाळेत नव्याने रुजू झाला आहात आणि जुनाट जुलाब व अपशोषणाच्या (अन्नघटक आतड्यात नीट न शोषले जाण्याच्या) चाचण्यांची यादी पाहून गोंधळला आहात, हे स्वाभाविक आहे. पण सध्या यंत्रांपेक्षा नमुन्याकडे लक्ष द्या.

पातळ शौच अर्ध्या तासाच्या आत सलाइनच्या स्लाइडवर पाहावे, कारण अमिबाची हालचाल करणारी अवस्था लवकर नष्ट होते आणि लघवी मिसळल्यासही तेच घडते. आयोडीनची स्लाइड नंतर करावी. जिआर्डिया या आतड्यातील परजीवीच्या सिस्ट (कवच असलेली अवस्था) रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून एका नमुन्यावर विसंबू नये. दिवसाआड तीन नमुने मागवावेत.

नवख्यांकडून सर्वाधिक चुका रुग्णाला न विचारल्यामुळे होतात:

- सुदान ३ रंगाने मेदाचे थेंब नारिंगी दिसतात. मात्र जुलाबामुळे रुग्ण केवळ पेज आणि ताकावर असेल, तर ते न दिसण्याला फारसा अर्थ उरत नाही. उलट, एरंडेल घेतले असेल तर ते विनाकारण दिसू शकतात.
- सीलिॲक, म्हणजे गव्हातील ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजारासाठीची टीटीजी-आयजीए ही रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी रुग्ण गहू खात असतानाच करायची असते. पोळी सोडून ज्वारीच्या भाकरीवर आलेल्या रुग्णात आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. सोबत एकूण आयजीएही मोजावे, कारण तेच कमी असेल तर चाचणी फसवी निगेटिव्ह येऊ शकते, असे मी आग्रहाने सांगेन.

तीन दिवसांच्या शौचातील मेदाचे मोजमाप आणि डी-झायलोज (साखरेच्या शोषणाची) चाचणी सध्या बाजूला ठेवा. रोज काही स्लाइड वरिष्ठांसोबत पाहा. नजर नक्की तयार होईल.