लोकरीचा बाळंतविडा: स्वेटर, टोपडे, पायमोजे आणि शाल एकमेकांना जुळतील अशी कशी विणावीत?

आपल्या बहिणीची प्रसूती नोव्हेंबरच्या सुरुवातीला नाशिकला व्हायची आहे, बारशाला स्वेटर, टोपडे, पायमोजे आणि शाल असा एकमेकांना शोभणारा संच द्यायचा आहे, आपल्याला सुलट-उलट टाके आणि क्रोशाचे खांब (उंच टाके) एवढेच येते, तर लोकर किती घ्यावी आणि सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. एवढ्या शिदोरीवर हा संच उत्तम होतो. माझे मत असे की अंगात घालायचे कपडे दोन सुयांवर विणावेत, शाल क्रोशाने करावी, आणि या दोन वेगळ्या विणींना एकच लोकर व एकच काठ यांनी जोडून घ्यावे. सुयांवरची वीण ताणली जाते, म्हणून ती डोक्याला आणि मनगटाला नीट बसते. क्रोशाची वीण त्या मानाने कमी ताणली जाते आणि आकार धरून ठेवते, म्हणून ती शालीला बरी. चारही वस्तूंवर एकच नक्षी काढण्याचा हट्ट धरला, तर टोपड्यावर उठून दिसणारी बारीक नक्षी शालीवर हरवते आणि शालीला शोभणारी मोठी नक्षी मोज्यावर अर्धीच बसते.

लोकर चार पदरी, मऊ आणि तंतू न सुटणारी घ्यावी. केसाळ लोकर कितीही गोंडस दिसली तरी तिचे तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात. साध्या विणीच्या संचाला सुमारे अर्धा किलो लोकर पुरते. ती सगळी एकाच वेळी घ्यावी आणि प्रत्येक गुंड्याच्या पट्टीवरचा लॉट क्रमांक (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीला दिलेला क्रमांक) एकच आहे याची दुकानातच खात्री करावी. दोन लॉटमधला फरक दुकानाच्या दिव्याखाली दिसत नाही आणि उन्हात शाल पसरली की पट्ट्यासारखा दिसतो. मुलगा की मुलगी हे आपल्याकडे कायद्यानेच आधी कळत नाही, तेव्हा साईच्या रंगाची किंवा फिकट पिवळी लोकर मुख्य ठेवून काठासाठी एखादा गडद रंग थोडा घ्यावा. हाच संच मुंबईच्या किंवा कोकणातल्या बाळासाठी असता, तर मी लोकरीऐवजी सुती दोरा सुचवला असता. नाशिकच्या थंडीला मात्र लोकरच हवी.

मापाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवजात बाळाच्या मापाचे विणले तर महिन्याभरात ते अपुरे पडते. नोव्हेंबरात जन्मलेले बाळ ऐन थंडीत दोन-तीन महिन्यांचे असेल, म्हणून सगळे माप तीन महिन्यांच्या बाळाचे धरावे. त्या वयाला डोक्याचा घेर साधारण 40 सेंमी आणि छातीचाही जवळपास तेवढाच असतो. टोपडे डोक्यापेक्षा लहान विणायचे असते, म्हणजे ते ताणून बसते; स्वेटर मात्र छातीपेक्षा पाच-सहा सेंमी सैल हवा, कारण आत झबले असते.

सुरुवात टोपड्यापासून करावी, कारण ते लवकर होते आणि आपला हात घट्ट आहे की सैल हे त्यातच कळते. दहा नंबरच्या, म्हणजे 3.25 मिमीच्या सुयांवर चार पदरी लोकरीचे 10 सेंमीत साधारण 28 टाके बसतात. आपले 30 बसत असतील तर नऊ नंबरच्या सुया घ्याव्यात; आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका लहान तितकी सुई जाड असते. टोपड्यासाठी 98 टाके सैलसर घालावेत. त्यांतले कडेचे दोन शिवणीत जातात आणि 96 उरतात. आधी 3 सेंमी एक सुलट-एक उलट विणावे, मग सुलट बाजूने सुलट आणि उलट बाजूने उलट अशी साधी वीण कडेपासून 10 सेंमी भरेपर्यंत घालावी. त्यानंतर 96 टाक्यांचे बारा-बाराचे आठ भाग समजून प्रत्येक सुलट ओळीत प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाके एकत्र विणावेत, म्हणजे दर खेपेस आठ टाके कमी होतात आणि माथ्यावर आठ रेषांची सुबक चांदणी उमटते. शेवटी कडेच्या दोन टाक्यांसह दहा टाके उरले की त्यांतून दोरा ओवून घट्ट ओढावा आणि त्याच दोऱ्याने बाजू शिवून टाकावी.

96 हा आकडा मी मुद्दाम निवडला आहे. आपला काठ शिंपल्यांचा असणार: एक मुका टाका (क्रोशाचा खांबापेक्षा बुटका टाका), दोन टाके सोडून पुढच्या एकाच टाक्यात पाच खांब, पुन्हा दोन सोडून मुका टाका. एका शिंपल्याला सहा टाके लागतात, म्हणून टोपड्याच्या कडेवर बरोबर सोळा शिंपले येतात. क्रोशाची सुई येथे विणायच्या सुयांपेक्षा अर्ध्या मिमीने मोठी घ्यावी, नाहीतर काठ आवळतो आणि खालच्या विणीचा सगळा ताण मारून टाकतो. हाच काठ स्वेटरच्या खालच्या घेराला, बाह्यांना आणि शालीला फिरवावा. पायमोज्यांना मात्र तो लावू नये, कारण तेथे ताण नसेल तर मोजा पायात टिकतच नाही. त्याऐवजी तोंडाशी काठाच्या रंगाच्या दोन ओळी घालाव्यात. मोज्याला 36 टाके पुरतात आणि घोट्यावरची एक सुलट-एक उलट पट्टी चांगली 6 सेंमी ठेवावी, कारण बाळे मोजे पायांनी उडवण्यात पटाईत असतात.

स्वेटर समोरून उघडणारा विणावा. मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून काही ओढून घालणे आईला नकोसे होते. पाठीला 64 टाके आणि पुढच्या प्रत्येक भागाला 32 अधिक बटणपट्टीचे सहा, एवढे पुरे.

शाल शेवटी करावी आणि मध्यापासून बाहेर वाढवत न्यावी. चार साखळ्यांचे कडे करून त्यात तीन खांब, दोन साखळ्या असे चार वेळा घालावे, म्हणजे चार कोपरे तयार होतात. पुढच्या प्रत्येक फेरीत खांबावर खांब आणि कोपऱ्यात दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब. दर फेरीला सोळा खांब वाढतात. या पद्धतीचा खरा फायदा असा की कोणत्याही फेरीला थांबले तरी शाल पूर्ण चौकोनीच असते, म्हणून कपड्यांना लोकर कमीजास्त लागली तरी हिशेब कोलमडत नाही. साधारण 80 सेंमीचा चौकोन उत्तम. लोकर आधीच संपत आली तर 70 सेंमीलाही काही बिघडत नाही. बाजूवरचे टाके सहाच्या पटीत आले नाहीत तर काठ घालताना मध्येच एखाद्या ठिकाणी दोनऐवजी एक टाका सोडावा, कोणाच्या लक्षातही येत नाही. जाळीदार शाली दिसायला नाजूक असतात, पण त्यांच्या भोकांत बाळाची बोटे अडकतात, म्हणून मी भरीव खांबच सुचवते.

टोपड्याला गोंडे आणि गळ्याशी नाड्या लावण्याचा मोह टाळावा. बटणे चपटी घेऊन दुहेरी दोऱ्याने पक्की शिवावीत आणि मोज्यांच्या आतले दोरे विणीत मुरवून आखूड कापावेत, कारण सुटा धागा पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर तेथील रक्तप्रवाह अडू शकतो. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असताना सुटी पांघरुणे आणि घरात टोपडे नको असे सांगते. तेव्हा शाल मांडीवर घेताना किंवा बाहेर नेताना वापरायची, हे बहिणीला भेटीबरोबरच सांगून ठेवावे. घरातल्या ज्येष्ठांना ते पटवणे हे वेगळे काम आहे. बाजारातली बहुतेक लोकर अॅक्रिलिकची असते आणि ती आचेने वितळते, म्हणून न्हाऊमाखू झाल्यावर धुरी देताना हे कपडे बाळाच्या अंगावर नसावेत. त्यांना इस्त्रीही करू नये. कोमट पाण्यात हाताने धुऊन, सावलीत आडवे पसरून वाळवावेत.

वेळ उरलाच तर त्याच मापाचे आणखी एक टोपडे काळ्या लोकरीचे, साईच्या रंगाच्या शिंपल्यांचे करावे. जानेवारीत बाळाची पहिली संक्रांत येते आणि बोरनहाणाला काळे कपडे लागतातच. हलव्याचा मुकुट त्यावर टाचायचा असेल, तर साध्या विणीच्या भागावर दोऱ्याने टाचावा, काठावर टाचल्यास शिंपले ओढले जातात.