हायलायटरच्या रेघेत गडद मणी का दिसतात

अरे, तुझ्या चित्र काढायच्या अ‍ॅपमध्ये बोटाने ओढलेल्या हायलायटरच्या रेघेत मण्यांसारखे गडद ठिपके दिसतात, तो रंगाचा दोष नाही. बोट सरकलं की तू कोडमध्ये दरवेळी रेघेचा नवा तुकडा काढतोस आणि तुकड्यांची गोल टोकं एकमेकांवर चढतात. अल्फा (रंग किती अपारदर्शक ते, 0 ते 255) 128 म्हणजे निम्मा रंग; त्यावर पुन्हा निम्मा पडला की झाला 75 टक्के. म्हणून सांधे काळपट.

बोट टेकल्यापासूनचे सगळे बिंदू एकाच पाथमध्ये (बिंदू जोडून होणारी सलग रेघ) जमव, दर फ्रेमला, म्हणजे पडदा नव्याने रंगेल तेव्हा, चित्रावरचा तात्पुरता थर पुसून अख्खा पाथ एकदाच काढ. बोट उचललं की मगच मूळ बिटमॅपवर (साठवलेल्या चित्रावर) उतरव. (मी पुसायलाच विसरायचो, रेघ बघता बघता गडद व्हायची. दोन रात्री गेल्या त्यात.) पाथऐवजी ब्रशचे ठसे (एकापुढे एक उमटणारे छोटे आकार) असतील तर ते थरावर अपारदर्शक उमटव, अल्फा तो थर मूळ बिटमॅपवर चिकटवताना लाव.