'ऐतिहासिक' कादंबरी आणि 'मध्ययुगीन' कादंबरी

प्रश्न एका वाचनगटाकडून आला आहे. जगभरातल्या कादंबऱ्यांची प्रकारवार यादी करताना तिघांत जुंपली. एकाने जेन ऑस्टेनला 'ऐतिहासिक'च्या रकान्यात बसवले, कारण दोनशे वर्षांपूर्वीचे लेखन. दुसऱ्याने रोमन सम्राटावरच्या एका आधुनिक कादंबरीपुढे 'रोमनकालीन' असे लिहिले. तिसऱ्याचे म्हणणे असे की ऐतिहासिक म्हणजे खरे घडलेले. मग पात्रांच्या मनातले विचार लेखकाला कुठून कळले? यात बरोबर कोण?

दुसऱ्याचे आधी उरकू, ते सोपे आहे. 'कालीन' हे पद ज्याला लागते ती गोष्ट त्या काळात जन्मलेली असते. पेशवेकालीन पत्र म्हणजे पेशवाईत लिहिलेले पत्र. पेशवाईबद्दल आज लिहिलेले नव्हे. 'मध्ययुगीन'चेही तसेच. उंबेर्तो एकोची 'द नेम ऑफ द रोझ' १३२७ सालच्या एका इटालियन मठात घडते, पण ती छापली गेली १९८० मध्ये. तिला मध्ययुगीन कादंबरी म्हटले तर वाचक तिची हस्तलिखिते शोधायला निघेल. रोमनकालीन म्हणावे ते पेट्रोनियसच्या पहिल्या शतकातल्या गद्यकथेला, जिचे आज काही तुकडेच उरले आहेत.

म्हणजे 'कालीन' सांगते लेखन केव्हाचे, आणि 'ऐतिहासिक' सांगते विषय कुठला. ऑस्टेनचा वादही इथेच मिटतो. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ ची आणि वॉल्टर स्कॉटची 'वेव्हर्ली' १८१४ ची. एका वर्षाचे अंतर, आज दोन्ही सारख्याच जुन्या. पण ऑस्टेन आपल्या आसपासचे जग लिहीत होती, तर स्कॉट १७४५ च्या जॅकोबाइट बंडाबद्दल, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या उठावाबद्दल. पुस्तकाच्या उपशीर्षकातच त्याने 'साठ वर्षांपूर्वीची गोष्ट' असे सांगून टाकले. ऑस्टेन आज आपल्याला इतिहासातली वाटते, पण पुस्तक जुने झाले म्हणून ऐतिहासिक होत नाही. लिहिणारा आणि लिहिलेला काळ यांच्यात अंतर लागते.

किती अंतर? स्कॉटच्या नावाने ब्रिटनमध्ये दिल्या जाणाऱ्या पुरस्काराने त्याच उपशीर्षकावरून साठ वर्षांची अट घातली आहे. मला आकड्यापेक्षा त्यामागचे कारण पटते: लेखकाला स्वतःच्या आठवणीवर विसंबता येऊ नये, कागदपत्रांना आणि इतरांच्या आठवणींना विचारावे लागावे. टॉलस्टॉयचा जन्म १८२८ चा आणि 'युद्ध आणि शांती'तली नेपोलियनची रशियावरची स्वारी १८१२ ची. मधे सोळाच वर्षे, पण ती आहेत म्हणूनच त्याला वाचावे लागले, लोकांशी बोलावे लागले. (गंमत म्हणजे हे पुस्तक कादंबरी नाही आणि ऐतिहासिक वृत्तान्त तर त्याहून नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. यादीवाल्यांनी तिकडे दुर्लक्ष करावे.)

आता तिसरा. त्याची अडचण खरी आहे आणि ती आपल्या शब्दानेच केलेली आहे. 'ऐतिहासिक' आपण आज निदान तीन अर्थांनी वापरतो. ऐतिहासिक कागदपत्रे म्हणजे इतिहासासंबंधीची. ऐतिहासिक निर्णय म्हणजे मोठा, पुढे लक्षात राहील असा. हा अर्थ वर्तमानपत्रांनी पार झिजवून टाकला आहे. आणि 'हे पात्र ऐतिहासिक आहे' म्हणजे ते खरोखर होऊन गेले, कल्पित नाही. 'ऐतिहासिक कादंबरी'त अर्थ पहिला आहे, पण कानाला तिसरा ऐकू येतो. मग वाचक प्रत्येक संवादापाशी पुरावा मागतो.

हा 'प्रमाणित'पणा त्या शब्दाला मुळात चिकटलेला नव्हता. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, इंद्राचा शत्रू वृत्र कोण यावर चर्चा आहे: 'मेघ इति नैरुक्ताः । त्वाष्ट्रोऽसुर इत्यैतिहासिकाः ।' व्युत्पत्ती सांगणारे म्हणतात, वृत्र म्हणजे मेघ. ऐतिहासिक म्हणतात, तो त्वष्ट्याचा पुत्र असुर. म्हणजे तिथले 'ऐतिहासिक' हे परंपरेने चालत आलेली कथा सांगणारे लोक! पुराव्याचे ओझे या शब्दावर फार नंतर आले. आणि 'कादंबरी' हे तर बाणभट्टाच्या कल्पित नायिकेचे नाव. 'ऐतिहासिक कादंबरी'त नाम ते आहे, ऐतिहासिक हे नुसते विशेषण.

तरीही 'ही कादंबरीच आहे, सोडून द्या' एवढ्यावर भागत नाही. हा तंटा जगभर झाला आहे. चीनमध्ये 'तीन राज्यां'च्या प्रसिद्ध कादंबरीला सात हिस्से खरे, तीन हिस्से कल्पित असे म्हणतात. आज हे कौतुकाने सांगितले जाते, पण अठराव्या शतकातल्या ज्या झांग श्वेचेंगचे हे मत, तो तक्रार करत होता: या मिसळीने वाचक गोंधळतात! इटलीत मान्झोनीने १६२८ ते १६३० च्या मिलानमधली भाकरीसाठीची दंगल आणि प्लेग यांवर मोठी कादंबरी लिहिली, आणि पुढे १८५० मध्ये या प्रकाराविरुद्धच निबंध छापला. त्याचा मुद्दा बिनतोड आहे. काही वाचक म्हणतात, खरे कुठले आणि रचलेले कुठले ते दाखवा. काही म्हणतात, दाखवलेत तर कथेची वीण उसवते. त्याच्या मते दोघांचेही बरोबर. जपानी लेखक मोरी ओगाईने १९१५ मध्ये याच पेचावर लिहिले. जुन्या नोंदींत ढवळाढवळ करणे त्याला नकोसे वाटे, आणि तरी त्या नोंदींनी हात बांधल्यासारखेही वाटे.

जपानीत ढोबळमानाने दोन नावे आहेत. खऱ्या व्यक्ती आणि घटना धरून चालते ती 'रेकिशी शोसेत्सु', जुन्या काळाचे वातावरण घेऊन कल्पित माणसे वावरतात ती 'जिदाई शोसेत्सु'. मराठीत दुसऱ्या प्रकाराला 'इतिहासाच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी' म्हणता येईल. लांब आहे, पण फसवत नाही. 'इतिहासकालीन' हा जोड मात्र नको. इतिहास हा काही एक कालखंड नव्हे, आणि 'कालीन'ची अडचण वर आलीच आहे.

यादीतली रोमन सम्राटावरची कादंबरी म्हणजे मार्गरित युर्सनारची हेड्रियनवरची असावी. ती १९५१ ची. सम्राट खरा, ज्याला तो पत्र लिहितो तो मार्कस ऑरेलियसही खरा; पत्र मात्र लेखिकेचे. तिच्यापुढे 'ऐतिहासिक, आत्मकथनरूप' असे लिहा. तिसऱ्या सदस्याला उत्तरही तिथेच मिळेल: मनातले विचार लेखिकेने रचले आहेत, आणि कादंबरी मान्य केली की तेही मान्य करावे लागते.

त्याने पुरावा मागायचाच असेल तर कालविपर्यासापाशी, म्हणजे त्या काळात नसलेली गोष्ट तिथे घुसते तिथे, मागावा. शेक्सपिअरच्या ज्यूलियस सीझरच्या रोममध्ये घड्याळाचे टोले पडतात. मला ते चालते, नाटक त्याने अडत नाही. प्राचीन रोममधली गुलाम स्त्री आजच्या अग्रलेखाच्या भाषेत स्वातंत्र्यावर बोलू लागली की मात्र मी पुस्तक मिटतो. पण यादीत ते पुस्तकही 'ऐतिहासिक'च्याच रकान्यात जाईल. ते वाईट आहे हा शेरा वेगळ्या रकान्यात लिहावा.